नऊ नंबरचा हॅलो

वाटाड्याची यंत्रं माझ्या खोलीत आणून बसवली, तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. पाणीपुरवठ्याच्या मुख्य कार्यालयातली तळमजल्यावरची टेलिफोनची खोली माझी. सव्वीस वर्षं मी तिथं ऑपरेटर. बोर्ड माझा, खुर्ची माझी, खिडकीतली कोरफड माझी. आणि एके दिवशी साहेब म्हणतात, ताई, तुमची खोली थंड असते, कोपऱ्यात एक कपाट ठेवतो. कपाट कसलं, माणसाएवढं लोखंडी धूड ते. आत हिरवे दिवे लुकलुकणार आणि दिवसभर घूंऽऽ करत राहणार. त्या धुडाच्या मागोमाग हा आला. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. माहितीच्या पाकिटांना वाट दाखवायचं काम करतो म्हणाला. म्हटलं, मोठा आला वाटाड्या. ते नाव मी रागानं ठेवलं होतं, पण पुढं सगळं कार्यालय त्याला तेच म्हणायला लागलं.

माणूस वाईट नव्हता, हे मला नवव्या दिवशी कळलं. कीबोर्डला हात लावण्याआधी हात धुवायचा. यंत्राशी बोलायचा, “बाबा रे, ऐक आता,” असं. माणसांशी मात्र कामापुरतं. डबा उभ्यानंच खायचा. आणि मी विचारलं की सगळं नीट समजावून सांगायचा, मला अक्कल कमी आहे असं तोंडावर न दाखवता. हे फार थोड्या पुरुषांना जमतं.

तर त्याचं काम असं. गावाभोवती आमची अकरा पंप-स्टेशनं आणि टाक्या. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद, ही खबर त्या राउटरांमधून आमच्याकडे येते. पूर्वी कुठल्या खबरीनं कुठून जायचं हे प्रत्येक राउटरमध्ये हातानं लिहून ठेवावं लागायचं. एक वाट तुटली की खबर तिथंच अडायची. मग ते डायनॅमिक राउटिंग आलं. आता राउटर एकमेकांना आपापल्या वाटा सांगतात, आणि एक वाट बुजली की आपली आपण दुसरी धरतात. त्यासाठी प्रत्येक राउटर दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला हॅलो म्हणतो. चाळीस सेकंदांत शेजाऱ्याचा हॅलो आला नाही, तर तो मेला असं धरायचं आणि त्याच्यावरून जाणाऱ्या सगळ्या वाटा पुसून टाकायच्या.

“चाळीस सेकंदांत मेला?” मी म्हटलं. “आमच्याकडे लोक चाळीस दिवस बिल थकवतात, तरी कनेक्शन तोडत नाही.”

तो हसला नाही. त्यानं पडद्यावरची यादी दाखवली. एकेका शेजाऱ्याच्या नावापुढं एक आकडा. चाळीसवरून उतरायला लागायचा, एकोणचाळीस, अडतीस, तिशीला आला की हॅलो यायचा आणि पुन्हा चाळीस. दिवसभर हेच. कुणाचाही आकडा एकोणतीस झालेला मी कधी पाहिला नव्हता.

यादीत दहाच नावं होती. अकरा स्टेशनं आणि दहा नावं, कारण नऊ नंबर सात वर्षांपूर्वी बंद पडलं. ते का बंद पडलं हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यातलं अर्धं मात्र फक्त वाटाड्याला आणि मला ठाऊक होतं.

वाटाड्याला हे काम शिकवलं मास्तरांनी. आमच्याकडे सगळ्यात जुने तेच, म्हणून मास्तर. त्यांचे तीन नियम होते. दुरून कुठल्याही राउटरला हात लावण्याआधी परतीचं घड्याळ लावायचं, म्हणजे दहा मिनिटांत आपण रद्द केलं नाही तर तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि शेवटचं जतन केलेलं तेवढंच आठवतो. दुसरा, एकेक ओळ लिहायची. तिसरा, समोरून हॅलो आल्याशिवाय जतन करायचं नाही. हे तिन्ही पाळले तर माणूस स्वतः बसलाय तीच फांदी तोडू शकत नाही, असं ते म्हणायचे.

नऊ नंबर म्हणजे डोंगरावरची जुनी टाकी. पायी अडीच तास. तिथं जायला एक जुनी, कधीची तुटलेली तार होती आणि नवी डिश, तिथल्या छपरावरून थेट आमच्या छपरावर. राउटरमध्ये अशा प्रत्येक जोडणीचं एक दार असतं, नंबर घातलेलं. नवीन राउटिंग चढवताना तारेचं दार बंद करायचं होतं, डिशचं उघडं ठेवायचं होतं. त्या सकाळी वाटाड्याची बायको पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात पडली होती आणि त्याचा पाय इथं ठरत नव्हता. त्यानं घड्याळ लावलं नाही. दहा ओळी एका कागदावर लिहून ठेवलेल्या होत्या, त्या एकदम चिकटवल्या. सातव्या ओळीत दाराचा नंबर चुकला आणि डिशचं दार बंद झालं. दहावी ओळ होती, जतन कर. झालं. नऊ नंबर गप्प.

मी समोरच बसले होते. त्याचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मास्तर आले, पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि कागद घडी करून आपल्या खिशात घातला. “तू दवाखान्यात जा,” म्हणाले. “मी वर जाऊन दार उघडून येतो. साहेबांना कळलं तर तुला उभा सोलतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही काही पाहिलं नाही.” मी म्हटलं, नाही पाहिलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, नऊ नंबर, बिघाड.

ते साडेआठला निघाले. दहा-साडेदहाला असं वादळ आलं की आमच्या छपरावरची डिश उपटून अंगणात पडली. डोंगरावर दुसऱ्या वळणापाशी कडा खचला आणि वाट दरीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी डिश पुन्हा उभी केली, पण वरून काही आलं नाही. वरची वीज गेली होती, ती पुन्हा कुणी जोडली नाही. सगळ्यांनी हिशेब मांडला, नऊ नंबर सुरू झालं नाही म्हणजे मास्तर वर पोचलेच नाहीत. म्हणून पायथ्यापासून दुसऱ्या वळणापर्यंत अकरा दिवस शोधलं. चप्पलसुद्धा सापडली नाही.

त्यानंतर वाटाड्या दर रविवारी मास्तरांच्या बायकोकडे, आमच्या वहिनींकडे, जायला लागला. नळ बघ, गॅसचं सिलिंडर बदल, चहा पी, ये. आणि वर्षातून एकदा छपरावर चढून ती नऊ नंबरची डिश पुसायचा. ती काढून टाक असं साहेबांनी चारदा सांगितलं होतं. हा हो म्हणायचा आणि पुसून खाली यायचा.

वहिनींचं एक विचित्र होतं. सात वर्षांत त्या फोनवर अर्ध्या मिनिटाच्या वर कधी बोलल्या नाहीत. मास्तर कुठल्याही स्टेशनवर पोचले की घरी फोन करायचे, ती सवय. तेव्हा लाईन मोकळी हवी. मी रोज फोन करायचे, कारण कुणीतरी करायला हवा. “जेवलात का?” “जेवले. बरं, ठेवते.” माझी सारी हयात टेलिफोनवर गेली, मला ते ‘ठेवते’ कानाखाली मारल्यासारखं लागायचं. एकदा मी चिडून म्हटलं, वहिनी, मी काय उधार मागायला फोन केलाय? तर म्हणाल्या, “रागावू नकोस गं. लाईन अडते.” आणि ठेवला.

सात वर्षं पुरी झाली तशी कार्यालयानं कागद पाठवला. इतकी वर्षं बेपत्ता माणूस मृत धरता येतो, फक्त पत्नीची सही हवी. वहिनींनी तो कागद वाटाड्याच्या हातात दिला. “मला या साहेब लोकांचं काही कळत नाही,” म्हणाल्या. “तू यांच्या हाताखालचा माणूस. तू माझ्या तोंडावर सांग, वहिनी, ते गेले. मग मी सही करते.” यानं तो कागद आणून टेबलाच्या खणात टाकला. पंधरा दिवस तो तिथंच पडून. मी रोज विचारायचे, सांगितलंस? तो रोज म्हणायचा, रविवारी सांगतो.

आणि त्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, यादीत अकरावं नाव आलं.

खोलीत ऊन होतं. बाहेर माळी नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता. वाटाड्या डबा हातात घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. “ताई,” म्हणाला, “इकडे या जरा.” नऊ नंबर. आकडा चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. तिशीला हॅलो, पुन्हा चाळीस. दोन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत तो राहिला. मग मी एक फोन जोडून वळून पाहिलं, तर नाव पुसलं गेलेलं होतं.

बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच.

वाटाड्यानं कारण शोधलं, शोधणारच. वर छपरावर एक सोलर पॅनेल होतं. वादळात त्याच्यावर झाड पडलेलं असणार. ते कुजून आता सरकलं असेल, बरोबर मधल्या तीन तासांचं ऊन त्याला मिळत असेल. मी म्हटलं, ठीक. “पण पासवर्ड?” तोच म्हणाला. “आपले राउटर अनोळखी माणसाला शेजारी करत नाहीत. पासवर्ड जुळावा लागतो, आणि मी तो दरवर्षी बदलतो. त्याच्याकडे सात वर्षांपूर्वीचा असणार.” मग तो कानापर्यंत लाल झाला. गेल्या महिन्यात नवीन काही सुचेना, म्हणून त्यानं मास्तरांचा पहिला, सात वर्षांपूर्वीचाच पासवर्ड पुन्हा लावला होता. त्यांची आठवण येत होती, एवढंच.

“मग झालं की,” मी म्हटलं. “ऊन आलं आणि तू दार उघडून ठेवलंस. यात भुताटकी कसली?” असं मी म्हणाले खरी, पण माझ्या बोर्डाचं मी त्याला सांगितलं नव्हतं. तिन्ही दिवस, अकरा चाळीसला, माझ्या बोर्डावर नऊ नंबरच्या एक्स्टेंशनचा दिवा लागत होता.

वरचा फोन त्या राउटरवरच चालायचा. राउटर जागा झाला की तोही जागा होणार, हे मला कळत होतं. रिसीव्हर लोंबत असेल तर इथं दिवा लागणार, हेही कळत होतं. पण मी लाईन उचलली होती. रिकाम्या लाईनला एक आवाज असतो, आणि पलीकडे कुणी फोन कानाला लावून गप्प उभं असेल तर निराळाच. सव्वीस वर्षांत मी त्यात एकदाही चुकले नाही. नवऱ्यावर रुसलेल्या बायका, धमकी द्यायला फोन करून कच खाल्लेले लोक, सगळे मला श्वासावरून कळतात. गुरुवारी मी वाटाड्याच्या कानाला हेडफोन लावला. त्यानं ऐकलं. “वारा आहे, ताई.”

“वाऱ्याला दम लागत नाही रे,” मी म्हटलं. त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि हात धुवायला गेला.

शुक्रवारी अकरा चाळीसला नऊ नंबर आला, तसा वाटाड्या खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. “ताई, मी मूर्ख आहे,” म्हणाला. “चार दिवस मी उन्हाचा विचार करतोय. दाराचा केलाच नाही.”

“कुठलं दार?”

“डिशचं. ते मी बंद केलं होतं. बंद करून जतन केलं होतं. शंभर वर्षांनी वीज आली तरी तो राउटर त्या दारातून हॅलो म्हणू शकत नाही. त्याला जे आठवतं त्यात ते दार बंद आहे.” त्यानं पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. “कुणीतरी तिथं जाऊन ते उघडलंय. आणि जतन केलंय.”

माळीही बाहेर नळी बंद करून गेला होता, खोलीत नुसती त्या कपाटाची घूंऽऽ. त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. मी म्हटलं, नको आत जाऊ. माझी आई सांगायची, एका हाकेला ओ देऊ नये. तो म्हणाला, “ताई, चार दिवस हाका येताहेत.” आणि तो आत गेला.

आधी दहा मिनिटांचं परतीचं घड्याळ लावायला गेला, तर तिथं एक जुनी नोंद होती. घड्याळ लावलं होतं, काम झाल्यावर रद्द केलं होतं. यंत्राच्या पुढ्यात उभ्या माणसाला त्याची काही गरज नसते, तरी लावलं होतं. सवय. डिशचं दार उघडं, तारेचं बंद. आणि प्रत्येक दारापुढं शेरा लिहायला एक जागा असते, तिथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, काम झालं, निघालो.

तारीख नव्हती. त्या राउटरच्या आत वेळ धरून ठेवणारी बॅटरी संपली होती, तो रोज जागा झाला की तोच एक जुना दिवस समजून चालायचा.

“पोचले होते,” वाटाड्या म्हणाला. “बहिरे आपण होतो. आपली डिश अंगणात पडली होती आणि ते वरून हॅलो म्हणत होते.” मग तो रडला. मी पाठीवर हात ठेवला. अकरा दिवस आम्ही पायथ्याशी शोधत राहिलो, आणि मास्तर डोंगराच्या वरच्या अंगाला कुठंतरी होते.

आता गोम अशी की हे वहिनींना सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. दार उघडं सापडलं म्हणून ते पोचले होते, असं म्हटलं की पहिला प्रश्न येणार, बंद कुणी केलं होतं? वाटाड्याला हे माझ्याआधी कळलं होतं. तो म्हणाला, “नुसतं ते गेले असं सांगितलं तर त्या सही करतील. संपेल.” मी म्हटलं, “संपेल खरं. पण मग मास्तर त्या डोंगरात तसेच राहतील.” सात वर्षं मीही तोंड शिवून बसले होते, त्याला शहाणपण शिकवायचा मला काय अधिकार होता? तरी बोलले. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो.

वहिनी भाजी निवडत होत्या. वाटाड्या बसला नाही, उभ्यानंच सांगितलं. दहा ओळी, सातवी ओळ, घड्याळ लावलं नाही ते. मास्तर माझ्याऐवजी गेले, म्हणाला. वहिनींचे हात थांबले नाहीत. शेवटी त्यांनी देठ बाजूला सारले.

“म्हणजे ते पोचले होते,” म्हणाल्या.

“हो.”

“काम करून निघाले होते.”

“हो, वहिनी.”

“सात वर्षं इथं चहा प्यालास,” त्या म्हणाल्या, “आणि हे पोटात ठेवून प्यालास. आणि तू गं? रोज फोन करायचीस.” मला वर बघवेना. माझी मान खाली जावी असं मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही, हे केलं होतं. थोड्या वेळानं त्या वाटाड्याला म्हणाल्या, “उद्या वर जा. त्या यंत्राला त्यांचा शेवटचा हात लागलाय, ते मला आणून दे. आणि ते कुठं आहेत ते शोध. नाही सापडले तर या घरात पाऊल टाकू नकोस.”

शनिवारी सकाळी वाटाड्या आमच्या लाईनमनला घेऊन निघाला. जुनी वाट दरीत गेलेली, म्हणून पलीकडच्या अंगानं गुरांची वाट धरायची ठरलं. मी सुट्टी असून बोर्डावर बसले. अकरा चाळीसला नऊ नंबर आला, दिवा लागला. मी लाईन उचलली नाही. एक वाजून दहा मिनिटांनी मात्र बोर्ड वाजला.

“ताई, पोचलो,” वाटाड्याचा आवाज. “रिसीव्हर लोंबत होता. खोलीत पानांचा खच आहे, दुसरं काही नाही. आता वायर काढतो आणि राउटर पिशवीत टाकतो.”

“काढ,” मी म्हटलं. दिवा विझला. मी खुर्ची फिरवून पडद्यासमोर गेले. मला वाटलं, नाव पुसलं जाताना कुणीतरी समोर असावं.

तीस. एकोणतीस. जन्मात पहिल्यांदा पाहिलं. वीस, पंधरा, दहा. मी हात जोडले. तीन, दोन, आणि चाळीस.

मी चष्मा पुसला. आकडा उतरत होता. तिशीला हॅलो नाही, विशीला नाही, पार दोनवर आला आणि पुन्हा चाळीस. मग तसंच चालू राहिलं. पूर्वी तो दर दहा सेकंदांनी यायचा, आता अगदी जीव जायच्या वेळी यायचा, दमलेल्या माणसानं थांबत थांबत चालावं तसा. वायर काढलेली, यंत्र पिशवीत, पिशवी वाटाड्याच्या खांद्यावर, आणि इथं हॅलो येतोय. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. पण ऑपरेटरनं लाईन चालू असताना खुर्ची सोडायची नसते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना एकटं सोडवेना. एक तासभर मी तिथं बसून राहिले. कधीतरी मी बोलायलाही लागले होते, या, मास्तर, सावकाश या.

दोन वाजून वीस मिनिटांनी आकडा दोनवर आला, एकवर आला, शून्य झाला. नाव गेलं. मी तक्रारीच्या चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि तशीच बसले.

साडेचारला दोघं आले, चिखलानं माखलेले. राउटर पिशवीत, वायर गुंडाळून वर ठेवलेली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. “दोन वीसला तुम्ही कुठं होता?”

वाटाड्या लाईनमनकडे बघायला लागला. लाईनमनला दर गोष्टीला घड्याळ बघायची खोड. तो म्हणाला, “दोन वीसला ना, दुभंगलेल्या खडकापाशी. याच्या पिशवीचा पट्टा तुटला, तिथं बसून गाठ मारली. पाच मिनिटं बसलो असू. का?”

मी चिठ्ठी पुढं केली आणि काय पाहिलं ते सांगितलं. लाईनमन हसला, मग माझं तोंड बघून थांबला. वाटाड्या हसला नाही. “ते खाली उतरायला लागले तेव्हा कडा खचलेला होता,” तो हळूहळू म्हणाला. “समोरची वाट बुजलेली. मग त्यांनी दुसरी धरली. गुरांची.” पिशवी त्यानं अजून खाली ठेवली नव्हती. “दुसरी वाट धरायची हे त्यांनीच शिकवलं मला.”

रविवारी चौदा माणसं दोर घेऊन गेली. दुभंगलेल्या खडकाच्या खाली, झुडपांनी झाकलेल्या घळीत, मास्तर सापडले. हत्यारांची पिशवी गळ्यात तशीच होती. चष्मा एका काचेचा. आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात, प्लॅस्टिकमध्ये घडी करून ठेवलेला, वाटाड्याच्या अक्षरातला तो दहा ओळींचा कागद. सातव्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलनं बारीक रेघ मारली होती, शिकवताना मारायचे तशी. परत येऊन ते त्याला समजावून सांगणार होते.

सोमवारी वहिनींनी कागदावर सही केली. वाटाड्यानं छपरावरची डिश उतरवली आणि यादीत पुन्हा दहा नावं राहिली. तो अजून रविवारी त्यांच्याकडे जातो. पहिले दोन महिने त्यांनी त्याला चहा दिला नाही, नुसतं आत ये म्हणाल्या आणि कामं सांगितली. तो गुमान करत राहिला. आता देतात.

सही केली त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा फोन लावला. म्हटलं, जेवलात का? म्हणाल्या, जेवले. मी ‘ठेवते’ ऐकायच्या तयारीनं बसले. त्या म्हणाल्या, “भेंडी केली होती. त्यांना भेंडी अजिबात आवडायची नाही, तुला सांगितलंय का मी कधी?” मी म्हटलं, नाही. “लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी केली, आणि या माणसानं काय करावं, सगळी खिशात भरून बाहेर नेली.” मग त्या खिशाची गोष्ट झाली, मग त्यांच्या सासूबाईंची, मग मास्तर झोपेत आकडे मोजायचे त्याची. बोर्डावर दुसरे दिवे लागत होते, गावात कुणाच्या तरी नळाला पाणी आलं नव्हतं, साहेब दारात येऊन खुणा करून गेले. मी लाईन सोडली नाही. एक तास दहा मिनिटं झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुला कामं असतील ना गं?”

मी म्हटलं, “नाही वहिनी, बोला.”